आधी उतरलेला माणूस

१

घनश्यामच्या आयुष्यात पहाड फार उशिरा आला. तिशी उलटून गेल्यावर. तोवर तो जवाहरनगरच्या कॉलनीतला चारचौघांसारखा माणूस होता. सकाळी भोंगा, मग फॅक्टरीची बस, संध्याकाळी क्वार्टरसमोरच्या वांग्याच्या झाडांना पाणी. मग त्याच्या सेक्शनात भय्याजी नावाचे सुपरवायझर बदलून आले. त्यांनी उत्तरेत कुठंतरी गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. सामानात दोराची वेटोळी घेऊनच ते आले आणि कॉलनीतल्या काही माणसांना त्यांनी नादी लावलं. बाकीचे हळूहळू गळाले. घनश्याम गळाला नाही.

त्याची बायको कुंता. तिचं माहेर पवनीकडचं आसगाव, म्हणजे सगळा भाताचा सपाट मुलूख. जन्मात ती चढली असेल तर तलावाच्या पाळीवर, तीही पाणी किती भरलं ते बघायला. कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीची शिडी नुसती बघितली तरी ती भीतीनं मान फिरवायची. दिवाळीची सुट्टी लागली की शेजारीपाजारी माहेरी जायचे, नागपूरला सिनेमा बघायला जायचे. घनश्याम दोर खांद्यावर टाकून म्हणायचा, "चाल, पहाडीवर जाऊ."

"तुम्ही जा न जी. मले काहून नेता?"

"तू खाली बस. हवा खा."

"हवा इथं नाई का?"

"इथली हवा भोंग्याची हाय," तो हसून म्हणायचा.

आणि ती जायची. लग्नाला वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरात दोनच माणसं. त्यातलं एक पहाडावर गेलं तर दुसऱ्यानं क्वार्टरमध्ये बसून काय करायचं? शिवाय तिला एक ठाऊक होतं. घनश्यामला चढण्याइतकंच खाली उतरल्यावर सांगायला आवडायचं. कुठं पाय सटकला, कुठं घोरपड दिसली, कुठं हाताला धरायला काहीच नव्हतं. ते ऐकायला खाली कोणीतरी लागायचं. ती ऐकायची आणि मनात म्हणायची, कधी थांबणार हे?

२

दोन सुट्ट्या आंबागडच्या किल्ल्यावर गेल्या. तिथं बरं होतं. खाली गाव होतं, बायका होत्या. कोणाच्या तरी ओसरीवर बसून कुंता लाखोरीची डाळ निवडायला लागायची आणि दिवस निघून जायचा. पण आणीबाणी उठली त्या वर्षी भय्याजींनी आणखी आत, जंगलात, एक नवा पहाड हेरला. लोक त्याला मुंड्या म्हणत. खाली सागाचं आणि मोहाचं रान, आणि रानातून वर आलेलं उघडं, काळं डोकं. पायथ्याला जंगलखात्याचा जुना बंगला होता. नावालाच बंगला. समोर लांब पडवी, आत एक मोठी खोली आणि तिच्या मागं एक लहान खोली. या मागच्या खोलीला खिडकी नव्हती, फक्त छताजवळ एक झरोका. तिच्यात निवारीची एक खाट होती, बाकी काही नाही. स्वयंपाकघर अंगणापलीकडं वेगळं. बंगल्याची राखण गिरजाबाई करायची. तिचा नवरा इथला चौकीदार होता. तो गेल्यावर तिला कोणी जा म्हटलं नाही, म्हणून ती राहिली होती.

माणसं सकाळी निघून गेली. बराच वेळ त्यांची बोलणी झाडांतून ऐकू येत होती, मग ती बारीक होत विझली. दुपार झाली तशी पाखरंही गप्प झाली. छपराच्या कवेलूंवर एखादं पान पडलं तरी कळायचं. कुंता पडवीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. पायरीवर बूट वाजले.

तिनं मान वर केली. घनश्याम होता.

"काहून जी, एवढ्या लवकर?"

"झालं," तो म्हणाला. "आता नाई जात."

तिच्याजवळून तो आत गेला. मोठ्या खोलीतून मागच्या खोलीत. खाट करकरली. कुंता गडवाभर पाणी घेऊन गेली तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. उठवावंसं वाटलं नाही. गडवा खाटेजवळ ठेवून ती बाहेर आली, आणि उरलेल्या शेंगा सोलताना तिच्या ध्यानात आलं की आपण गुणगुणतो आहोत. आता नाही जात म्हणाला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

ऊन पडवीतून उतरून अंगणात गेलं, तेव्हा रानातून हसण्याचा आवाज आला. भय्याजी पुढं होते, मागं कॉलनीतली दोन पोरं, आणि सगळ्यांत शेवटी, घामानं निथळत, ढोपर सोलून घेतलेला घनश्याम.

"कुंता! पार डोक्यावर जाऊन आलो! पानी आन आधी."

सूप तिच्या मांडीवरून खाली गेलं. शेंगांचे दाणे पडवीभर झाले. ती उठून आत गेली. मागच्या खोलीत कोणी नव्हतं. खाटेची निवार मधोमध खोल दबली होती. गडव्यातलं पाणी काठापर्यंत जसंच्या तसं.

तिनं तो गडवा उचलला आणि बाहेर आणून नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं तो एका दमात रिकामा केला.

३

झोप लागली असेल. दुसरं काय? पहाटेपासून उठलेली, ऊन अंगावर, हात शेंगा सोलतायत, डोळा लागला असेल बसल्या बसल्या. माणूस मनात असलं की स्वप्नात येतंच. आणि निवार काय, जुनी होती, आधीपासूनच दबलेली असेल. गडवा तिनं स्वतःच आत नेऊन ठेवला असेल, पाणी गार राहावं म्हणून.

कुंतानं हे सगळं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते खरं वाटायला लागलं. भांडी घासताना, दळण आणताना, शेजारच्या कौशल्याबाईशी बोलताना मध्येच ती हे मनाशी एकदा म्हणून घ्यायची. एकच गोष्ट त्यात बसत नव्हती. स्वप्नातल्या माणसाच्या बुटांचा आवाज तिला आठवत होता. आणि ते बूट कोरडे, स्वच्छ होते. पहाटेच्या दवात, रानातून गेलेल्या माणसाच्या बुटांना गवताचं एक कुसळही नव्हतं.

हे तिनं घनश्यामला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि हसता हसता पुढच्या दिवाळीला मुंड्याच ठरवला असता. तो त्यानं तसाही ठरवला.

४

दुसऱ्या वर्षी ती पडवीत बसली नाही. माणसं निघून गेली तशी ती अंगणापलीकडं स्वयंपाकघरात गिरजाबाईजवळ जाऊन बसली. गिरजाबाई फार बोलणारी नव्हती. दोघींनी मिळून चूल सारवली, भाजी चिरली. दुपारी गिरजाबाई लाकडं आणायला मागं गेली. कुंता दारात आली, आणि पडवीतल्या बाकावर घनश्याम बसलेला दिसला.

तिला पळावंसं वाटलं नाही. पुढं कित्येकदा तिनं या गोष्टीचा विचार केला. तो इतका घरच्यासारखा बसला होता. गुडघ्यावर हात, मान थोडी कलती. तिच्याकडं बघून त्यानं बाकावर बाजूला जागा केली. घनश्यामनं कधी अशी जागा केली नव्हती. त्याला बसायलाच वेळ नसायचा.

ती अंगण ओलांडून गेली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली.

"पाय दुखतात का जी?"

"नाई."

"वर नाई गेले?"

"नाई जात आता. तुले आवडत नाई न."

 हे वाक्य ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती. अंगणातलं ऊन पांढरं झालं होतं. तो क्वार्टरसमोरच्या माळव्याबद्दल, भाजीपाल्याबद्दल बोलला, वांग्यांवर कीड पडली त्याबद्दल, आसगावला तिच्या आईला भेटून येऊ म्हणाला. आवाज त्याचाच होता. फक्त एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना तो श्वास घेत नव्हता.

तेवढ्यात वरून शिट्टी आली. लांबून, बारीक, दोनदा. घनश्यामजवळ एक पितळी शिट्टी असायची, वर पोचला की तो ती वाजवायचा, कुंताला कळावं म्हणून.

कुंतानं पहाडाकडं बघितलं. मग शेजारी बघितलं.

"कोनी गुराखी असंल," तो म्हणाला.

ती उठली. "चहा ठेवतो," म्हणाली आणि अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेली. तिथं चुलीजवळ भिंतीला पाठ लावून बसून राहिली. गिरजाबाई मोळी घेऊन आली, घाम पुसला आणि साधेपणानं विचारलं, "बाई, जेवन आत्ता दोघायचं वाढू का? पडवीत तुमी दोघं बसले होते न."

कुंतानं दारातून बाहेर बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. पडवीत पुन्हा कोणी नव्हतं.

५

त्यानंतरच्या वर्षी तिनं भांडून बघितलं. रडून बघितलं. आईची तब्येत बरी नाही म्हणाली, आसगावला जाऊ म्हणाली.

"आसगावले दिवाळीनंतर जाऊ न वो," घनश्याम समजावत म्हणाला. तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. "वर्षभर छपराखाली मशीनपाशी उभा राह्यतो मी. कानात दुसरा आवाज नसते. तथी वर गेलो का मले माहा स्वतःचा श्वास ऐकू येते. एवढंच पायजे मले, दुसरं काई नाई."

"मंग मी नाई येत. एकटे जा."

 "तू खाली नसशील तं मी शिट्टी कोनासाठी वाजवू?"

कुंता गेली. न जाऊन चाललं असतं का? आपण खाली नसलो तर तो दुसरा कोणाकडं येईल, की येणारच नाही? आणि खरं सांगायचं तर एक विचार असा होता जो ती स्वतःशीही पुरता बोलत नव्हती. बाकावर जागा करून देणारा तो माणूस तिला पुन्हा एकदा बघायचा होता.

६

त्या दिवशी तो लवकरच आला. अजून भातही चुलीवर चढला नव्हता. कुंता पडवीतच बसली होती. लपायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बूट वाजले. तो पायऱ्या चढून आला, तिच्यासमोर क्षणभर थांबला, आणि आत जाऊन मागच्या खोलीत खाटेवर पडला. भिंतीकडं तोंड.

ती दाराशी उभी राहिली. आता बघायचंच, संध्याकाळपर्यंत इथून हलायचं नाही. झरोक्यातून उजेडाची एक पट्टी खोलीत पडली होती आणि भिंतीवरून हळूहळू सरकत होती. पट्टी त्याच्या पाठीवर आली, खांद्यावर आली, पुढं गेली. पाठ हलत नव्हती. कुंता उंबऱ्यावर टेकली. चौकटीला डोकं लावलं. तिला झोप लागली नाही, हे ती नंतर शपथेवर सांगू शकली असती.

उन्हं कलल्यावर भय्याजी आणि पोरं उतरली. तिघंच.

"वहिनी, घनश्याम आला ना?" भय्याजींनी अंगणातूनच विचारलं. "मोठ्या खडकाजवळ आम्ही डबे खाल्ले. मग तो बोलला, पाय लचकला थोडा, तुम्ही व्हा पुढं, मी आरामात उतरतो. मी म्हटलं, सोबत देतो कोणाला. ऐकलं नाही त्यानं."

कुंता उंबऱ्यावरून उठून पडवीत आली. आणि तिच्या आत काहीतरी सैल झालं, दोन वर्षं आवळून धरलेलं. म्हणजे हा तोच होता! या वर्षी खराच आला होता. पाय लचकला, परतला, येऊन झोपला. आणि आपण वेड्यासारखं दारात पहारा देत बसलो. ती हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आले न भाऊजी. केव्हाचे आले. झोपले हायेत आत."

भय्याजींनी मागच्या खोलीत डोकावून बघितलं. खाटेवरची पाठ बघितली. "झोपू द्या," ते म्हणाले आणि टॉवेल घेऊन विहिरीकडं गेले.

डबे खाल्ले म्हणजे दुपार. आणि हा आला तेव्हा भात चढला नव्हता. हे तिला तेव्हाच कळलं होतं. कळून तिनं ते बाजूला ठेवलं, जसं निवडताना एखादा खडा आपण बघतो आणि तरी हात पुढं जातो.

७

दिवेलागणीला ती आणि गिरजाबाई भाकरी टाकत होत्या. पडवीत पोरांनी ट्रान्झिस्टर लावला होता आणि भय्याजी कुठला तरी किस्सा सांगत होते. गाणं संपून बातम्या सुरू व्हायच्या मधल्या शांततेत गिरजाबाईचा भाकरीवरचा हात थांबला.

"बाई, पहाडीवून कोनीतरी बोलावून राहिला."

कुंतानं ऐकलं. आधी शिट्टी. अर्धवट, फुंकर संपल्यासारखी. मग माणसाचा आवाज. शब्द कळत नव्हता, पण लांबवलेला शेवट कळत होता. हाक होती ती. भय्याजींना मारलेली, तीन अक्षरांची नव्हती; दोन अक्षरांची होती, तिच्या नावाची.

ती अंगणात आली. पहाड काळा झाला होता. पडवीत हसणं चाललं होतं. ट्रान्झिस्टरमध्ये माणूस बातम्या द्यायला लागला. त्या गलक्यात तिथं कोणाला काही ऐकू आलं नसावं. ती मोठ्या खोलीतून मागच्या खोलीकडं गेली. दारात थांबली.

"ऐकलं का जी?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "कोनी हाक मारून राहिलं वरून."

अंधारातून उत्तर आलं. "कोल्हे असतीन."

"कोल्हा शिट्टी नाई वाजवत."

खाट करकरली. तो उठून बसला असावा.  मग तो अगदी मायेनं म्हणाला, "दार लोट, कुंता. थंडी येऊन राहिली. उद्या घरी जाऊ."

भय्याजी दहा पावलांवर होते. तिला एवढंच म्हणायचं होतं, भाऊजी, जरा कंदील घ्या आणि वर बघून या. त्यांनी का म्हणून विचारलं असतं. मग तिला सांगावं लागलं असतं की हा आत बसलेला माझा नवरा नाही. आणि तो असला तर? सगळ्यांसमोर त्यानं उजेडात येऊन, डोळे चोळत, काय झालं वो म्हणून विचारलं असतं तर?

तिनं दार लोटलं. कडीही लावली.

८

आणि तो घरी आला. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत तिच्या शेजारी बसला, तुमसरला एसटीत बसला, क्वार्टरचं कुलूप त्यानं काढलं. सुट्टी संपली तशी भोंग्याला उठून फॅक्टरीच्या बसनं कामाला जायला लागला. पगार आणून तिच्या हातात ठेवू लागला.

लोक म्हणाले, घनश्याम सुधारला. दोर त्यानं भय्याजींना परत केले. रविवारी घरी राहायचा, दळण आणून द्यायचा. कौशल्याबाई म्हणाली, "नशीब काढलं वो तू. आमच्या घरी माणूस रविवारी दिसत नाई."

कुंता मान डोलवायची.

त्याचा पाय कधी सुजला नाही. जेवायचा, पण ताटाकडं बघून जेवायचा, जसं कोणी सांगितलं म्हणून जेवतं तसं. रविवारी दुपारी क्वार्टरच्या मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचा. ती जागी असली की कान देऊन ऐकायची, आणि बराच वेळ काही ऐकू आलं नाही की उठून मोरीत जायची, नळ सोडायची. नळाचा आवाज तरी घरात असावा म्हणून.

संक्रांतीच्या सुमाराला भय्याजी आले. घनश्याम तेवढ्यात दुकानात गेला होता. कुंतानं दिलेला चहाचा कप त्यांनी हातात घेतला.

"वहिनी, एक विचारू? घरी त्याचं बरं आहे ना?"

"हो. काहून?"

"काल मी सहज दोर पुढं केला. म्हटलं, गाठ मारून दाखव. झोपेत मारायचा तो ती गाठ. त्यानं दोर हातात घेतला आणि नुसता धरून उभा राहिला." भय्याजींनी कप खाली ठेवला. "माझ्याकडं बघून हसला. मला नाही आवडलं ते हसणं. माफ करा, पण नाही आवडलं."

ते उठले, चपला घातल्या. कुंताला वाटलं, आता सांगावं. पण सांगायचं म्हणजे त्या संध्याकाळचंही सांगावं लागणार होतं. कडीचं.

"थकतात आजकाल," ती म्हणाली.

९

फाल्गुनात ती आसगावला जाते म्हणून निघाली आणि भंडाऱ्याला तुमसरच्या एसटीत बसली. बंगल्यापर्यंत शेवटचा रस्ता पायी तुडवला. गिरजाबाईनं तिला बघितलं, पाणी दिलं, आणि काही विचारलं नाही.

"बाई," कुंता म्हणाली, "दिवाळीनंतर इथं वर..."

"गिधाडं उतरली होती," गिरजाबाई जमिनीकडं बघत म्हणाली. "मोठ्या खडकाच्या बाजूले, तो नाला हाय न वाळलेला, तथी. म्या म्हनलं कोनाचं ढोर मेलं असंल." मग थोड्या वेळानं, "म्या नाई गेली पाहाले. एकटी बाई मी."

कुंता चढली. साडीचा काचा मारून, चपला हातात घेऊन. ज्या वाटेनं पोरं गप्पा मारत जायची तिथं ती चार पायांवर गेली, मुळ्यांना धरून, गवताला धरून, डोळे समोरच्या हातभर मातीवर ठेवून. एकदा चुकून तिनं खाली बघितलं. ती दगडाला कवटाळून पडून राहिली आणि लहान मुलीसारखी आई गं, आई गं करत राहिली. मग पुन्हा निघाली. मोठा खडक आला. त्याच्या बाजूनं वाळलेला नाला उतरत होता आणि मध्येच तुटून एक खोबण झाली होती, वरून दगडाचं छप्पर असल्यासारखी. नाल्यातून घसरतच ती तिथं पोचली.

आधी बूट दिसला. एकच. नाडी नीट सोडून, काढून बाजूला ठेवलेला. सोलाच्या खाचांत गवत होतं. मग सागाची एक सरळ फांदी, मोडक्या पायाला लावायला तोडलेली, आणि तिच्यावर सदऱ्याच्या फाडलेल्या पट्ट्या, ज्या गाठीनं बांधल्या होत्या ती गाठ तिला नाव माहीत नसूनही ओळखू आली. शेजारी आवळ्याच्या बिया. चोखून स्वच्छ केलेल्या, एका जागी गोळा केलेल्या. आवळीचं झाड हाताच्या अंतरावर होतं आणि खालच्या फांद्यांना एक फळ नव्हतं. एका दिवसात खाऊन होणारा तो ढीग नव्हता. दोन दिवसांतही नव्हता.

खोबणीत आत, सावलीत, आणखी काही होतं. कापड होतं, आणि कापडात. तिनं तिकडं पुरतं बघितलं नाही. त्याला पाठ करून ती बसली, आणि बसल्यावर तिला समोर बंगला दिसला. सरळ खाली. पडवी, बाक, अंगण. गिरजाबाई अंगणात भांडं घासत होती आणि भांड्याचा आवाज, राखेची खरखरसुद्धा, कानाशी केल्यासारखी स्पष्ट वर येत होती.

म्हणजे ट्रान्झिस्टर त्याला ऐकू आला होता. भय्याजींचा किस्सा ऐकू आला होता. ती अंगणात येऊन उभी राहिली होती, ते दिसलं होतं. सकाळी बैलगाडी निघाली, आणि तिच्या शेजारी कोण बसलं होतं, तेही.

कुंतानं तोंडात पदर कोंबला. मग काढला. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. आता ती खोबणीकडं न बघता, हात जमिनीवर टेकून म्हणाली, "घनश्याम."

काही नाही. वारा.

"घनश्याम," तिनं मोठ्यानं हाक मारली.

"ओ," उत्तर आलं.

मागून नाही आलं. वरून आलं, नाल्याच्या काठावरून. तिनं मान वळवली. तो तिथं उभा होता, सकाळी कामाला जाताना घातलेल्या इस्त्रीच्या सदऱ्यात. इतकं चढून आलेल्या माणसाची छाती हलत नव्हती.

"इकडं काहून आली वो," तो म्हणाला. रागावून नाही. "ऊन चढलं. चाल घरी."

कुंता उठली. वर चढायचं तर नाला उभा होता, आणि पुढं पाय टाकायला काही नव्हतं, नुसतं खाली अंगण.  येताना ती कशी आली, तिला आठवेना. एकटीनं इथून निघणं तिला जमणार नव्हतं. ती कधी पहाडावर चढलेली बाईच नव्हती.

त्यानं वाकून हात पुढं केला.

तिनं एकदा खोबणीकडं बघितलं, आणि तो धरला.